परसात जिरणारे, काट्यावर चढणारे, माळ्यावर जाणारे

सिंधुदुर्गातल्या घरात टाकाऊ वस्तूंच्या तीन जाती असतात: परसात जिरणाऱ्या, भंगारवाल्याच्या काट्यावर चढणाऱ्या आणि माळ्यावर जाणाऱ्या. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीही तीनच वर्ग सांगितले, ओला, सुका आणि घरगुती घातक. पण ते नियम दिल्लीत झाले, आणि दिल्लीत ना माड, ना माळा. तिथे वस्तू कशाची केली आहे ते पाहतात. मालवण-देवगड-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर ती अजून कोणाला हवी आहे का, एवढेच पाहतात. जिला गिऱ्हाईक आहे ती वस्तू कितीही मोडलेली असली तरी कचरा नव्हे. जिला गिऱ्हाईक नाही ती कालच मुंबईहून आलेली असली तरी कचराच.

पहिल्या जातीत मान माडाचा. चुडतांचे झाप विणून मांगराला कूड आणि न्हाणीला आडोसा करतात. पात्यांतले हीर काढून केर काढायचे वाढवण बांधतात. जाड पिढे वाळले की चुलीत जातात. नारळाच्या सोडणांवर आंघोळीचे पाणी तापते. करवंटीची डवली होते आणि डवली मोडली की तीही चुलीत जाते. मागे उरलेल्या राखेने भांडी घासतात आणि भांड्यांचे पाणी पुन्हा माडाच्या आळ्यात सोडतात. ज्यांना सोडणे जाळणे उधळेपणाचे वाटते त्यांच्यासाठी काथ्या आहे. वेंगुर्ल्यात काथ्याकाम करणाऱ्या बायकांची सहकारी संस्थाच आहे. माडापासून तयार होणारी खऱ्या अर्थाने टाकाऊ गोष्ट एकच, ती म्हणजे हद्दीचा वाद. आणि तोही कोणी टाकून देत नाही. बापाकडून मुलाकडे नीट सांभाळून येतो.

मासळीचे काटे मांजराला, धुतलेले पाणी कढीलिंबाला. तिसऱ्यांच्या शिंपल्या पूर्वी भट्टीत भाजून चुना करत. आता त्या अंगणाच्या कडेला पडून असतात आणि पर्यटक त्यांचे फोटो काढतात. कोकमाच्या बियांचे तेल भेगाळलेल्या टाचांना. काजूच्या टरफलातले तेल होडीच्या लाकडाला आणि मांगराच्या खांबांना, कारण ते अंगावर उततेच इतके की वाळवीही लांबून जाते. फाटक्या लुगड्यांची वाकळ होते. कापसाची गादी पिंजाऱ्याकडून पिंजून घेतली की पुन्हा नवी, आणि अशी एकच गादी तीन पिढ्यांची झोप झेलते. या सगळ्याला पुनर्वापर असे नाव आहे हे जिल्ह्याला फार उशिरा, शाळेतल्या निबंधस्पर्धेमुळे कळले.

याच जातीत एक परका मानकरी आहे, नायलॉनचे जाळे. सुताची आणि तागाची जाळी होती तोवर ती फाटली की कुजून जात. नायलॉन कुजत नाही, त्यामुळे त्याच्या निवृत्तीनंतरचा काळ नोकरीपेक्षा मोठा असतो. सर्जेकोटपासून देवबागपर्यंत कुठल्याही वाडीत पाहावे: भेंडी-मिरचीच्या वाफ्याभोवती जाळे, लाकडांच्या राशीवर जाळे, विहिरीत पाने पडू नयेत म्हणून जाळे, सुकत घातलेल्या बांगड्यावर कावळा बसू नये म्हणून जाळे. माकडांसाठीही जाळेच लावतात. माकड त्याला जुमानत नाही, पण मालकाला आपण काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि पुढच्या वर्षी त्यावर आणखी एक जाळे चढते. जाळ्याची शिशाची वजने आधीच काढून विकलेली असतात. समुद्रातच तुटून राहिलेले जाळे मात्र कोणाच्या परसात येत नाही. ते पाण्यात मासे मारण्याचे काम मालकाविना चालूच ठेवते, आणि मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य. जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर राज्य सरकार डिसेंबर २०१८ पासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. त्यासाठी सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो, त्यामुळे घाईत असलेल्या कासवालाही क्षणभर कॅमेऱ्याकडे तोंड करावे लागते.

दुसरी जात काट्याची. तिचा अधिकारी भंगारवाला. तो तीनचाकी टेम्पोतून येतो, आणि त्याच्या भोंग्यावरची ध्वनिमुद्रित हाक तो येण्याआधी वाडीत पोचते. त्याचे वर्गीकरण कोणत्याही नियमावलीपेक्षा बारीक असते: लोखंड वेगळे, पत्रा वेगळा, बीड वेगळे, जर्मनची भांडी, पितळ, तांबे यांचे भाव निराळे, पुठ्ठा आणि रद्दी शेजारी असली तरी एका दराची नव्हेत, प्लास्टिकमध्ये कडक आणि नरम. बादली कोणत्या जातीची हे तो कडेला अंगठा दाबून सांगतो. प्रयोगशाळेत याच कामाला यंत्र लागते. त्याच्या ताणकाट्यावर मात्र कोणाचाच विश्वास नसतो. घरातली काकी आदल्या रात्री रद्दी दोनदा मोजून ठेवते, त्याच्या काट्यावर ती हमखास कमी भरते, आणि दोघेही हवामान दमट असल्याचा निष्कर्ष काढून व्यवहार पुरा करतात. जी वस्तू तो हातात घेऊन पुन्हा जमिनीवर ठेवतो आणि "काकी, ह्येका भाव नाय," म्हणतो, तिची जात तेवढ्या वाक्याने बदलते. त्या निकालावर अपील नाही.

बाटल्यांचा विषय नाजूक. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा, त्यामुळे दक्षिणेकडच्या तालुक्यांत रिकाम्या बाटल्या लोकसंख्येच्या मानाने उदार प्रमाणात निघतात. त्या गोणपाटात, गोणपाट चुडतांखाली आणि चुडते मांगरामागे असतात. बिअरची बाटली धुऊन पुन्हा भरता येते, म्हणून तिला भाव आहे. शिवाय फोडून, वितळवून नवी करण्यापेक्षा ती जशीच्या तशी परत वापरणे इंधनाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे. अडचण एवढीच की बाटल्या वाजतात. भंगारवाला त्या मोठ्याने मोजतो आणि आकडा शेजारी ऐकतात. "चतुर्थीक पावणे इल्ले," हे स्पष्टीकरण अशा वेळी दिले जाते आणि मार्चमध्येही ते मान्य होते.

या जातीतली सर्वांत शिस्तीची वस्तू म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी. पावसाळ्याच्या पहिल्या वाऱ्याला वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर आले. त्यांच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या काही वर्षांत दमतात, आणि त्यांतले शिसे आणि आम्ल दोन्ही विहिरीच्या जवळपासही नको असे. तरीही मेलेली बॅटरी गावात कुठे पडलेली दिसत नाही. कारण सरळ आहे. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करून देतो. विक्रेत्याने जुनी परत घ्यावी हा नियम २००१ चा. २०२२ च्या नव्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पण नियम नसता तरी शिशाला गिऱ्हाईक होतेच. या कामासाठी एकही प्रभातफेरी निघाली नाही, एकही पथनाट्य झाले नाही, आणि जिल्ह्यात सर्वांत घातक वस्तू सर्वांत व्यवस्थित परत जाते.

याच्या उलट अनुभव दुधाच्या पिशवीचा. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली, आणि दुधाची पिशवी परत केल्यास पन्नास पैसे मिळावेत अशी सोय झाली. पन्नास पैशांचे नाणे तेव्हा दुकानात कोणी घेत नव्हते. जे नाणे स्वतःच व्यवहारातून मोडीत निघाले होते त्याने पिशवी मोडीतून वाचवायची, असा हा बेत होता. गावातल्या पिशव्यांनी आपापला मार्ग काढला: रोपे लावायला, पाणी भरून कपड्यांच्या दोरीवर माश्या पळवायला, आणि पुरेशा जमल्या की भंगारात.

आता तिसरी जात, माळ्याची. हिचा भाव नाही, उपयोग नाही आणि टाकवतही नाही. हिला घरात ठेवणारे वाक्य जिल्हाभर एकच: "ऱ्हवांदे, कधीतरी कामाक येतलां." पण माळ्यावरचा बहुतेक माल गावात तयार झालेला नसतो, तो मुंबईहून येतो. लालबाग-परळच्या चाळीत किंवा विरारच्या फ्लॅटमध्ये नवा टीव्ही आला की जुना "गावी ठेवू" ठरते. नवा सोफा आला की जुन्याला गाव आठवते. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा माणसे रेल्वेने आणि फर्निचर टेम्पोने येते. मुंबई महापालिकेला त्या सोफ्याचे काय करायचे हा प्रश्न कधी पडतच नाही. त्याची पाचशे किलोमीटर दक्षिणेला परस्पर सोय झालेली असते. परतीच्या प्रवासात टेम्पो नारळ, कोकम आणि तांदूळ घेऊन जातो. या व्यापारात कोकणाची बाजू पडती आहे हे अर्थशास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटलेले दिसते.

फोमच्या गादीला पिंजारी हात लावत नाही. चाके गेलेल्या बॅगा एकात एक घालून ठेवलेल्या असतात, आणि सर्वांत आतल्या बॅगेत काय आहे हे जाणणारा माणूस वारलेला असतो. थर्माकोलचे मखर बंदीनंतर बाजारातून गेले, माळ्यावरून नाही. ते जाळले तर विषारी धूर, पुरले तर तसेच, समुद्रात सोडले तर पावसाळ्यात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर परत. गंमत अशी की याच घरात गणपतीवर माटवी बांधतात. तिच्यावरची रानफळे, शहाळी, सुपारी, कांगण्या आणि आंब्याचे टाळे विसर्जनानंतर आठवडाभरात माणसे, गुरे आणि माती मिळून संपवतात. सजावटीची ही पद्धत मागासलेली म्हणून मखर आणले होते.

माळा भरला की सार्वजनिक सेवा आठवते. शहरांत घंटागाडी येते, मोठ्या ग्रामपंचायतींतही येऊ लागली आहे. तिची घंटा आणि भंगारवाल्याचा भोंगा यांत माणसे गल्लत करत नाहीत. एकासाठी धावत खाली येतात, दुसरी निघून गेल्यावर.

या सेवेचे जिल्ह्यातले नाव घेण्याजोगे उदाहरण वेंगुर्ल्याचे. बारा हजारांच्या आसपास वस्तीचे हे बंदर. सतराव्या शतकातली डचांची वखार ही इथली जुनी प्रेक्षणीय वास्तू. ती पडीक आहे. २०१५ नंतरच्या काळात, रामदास कोकरे नगरपरिषदेचे मुख्याधिकारी असताना, दुसरे प्रेक्षणीय स्थळ तयार झाले, आणि ते होते गावाचा कचरा डेपो. कचरा घरातच वेगळा करून द्यायचा, मिसळलेला घ्यायचा नाही, हा नियम खरोखर पाळला गेला. डेपोवर त्याचे पुन्हा वीसहून अधिक प्रकार केले जात: बाटल्या, बुचे, चपला, कापड, काच, पुठ्ठा, ज्याचे त्याचे खाते वेगळे. ओल्या कचऱ्याचे खत आणि बायोगॅस, पालापाचोळ्याच्या इंधनविटा, आणि नरम प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात. दुर्गंधी गेली, झाडे आली, आणि डेपो पाहायला बाहेरगावचे अधिकारी, शाळेच्या सहली आणि हौशी पर्यटक येऊ लागले. सिंधुदुर्ग हा १९९७ पासून पर्यटन जिल्हा. पण पाहुण्याला आधी समुद्र दाखवावा की कचरा, असा पेच फक्त वेंगुर्ल्याच्या यजमानांना पडला.

रस्त्यात प्लास्टिक घालण्याची रीत मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांची, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. खडी तापवायची, तिच्यावर प्लास्टिकचे बारीक तुकडे टाकायचे, ते वितळून खडीला चिकटले की मग डांबर घालायचे. आवरणामुळे खडीत पाणी शिरत नाही आणि डांबर सुटत नाही. कोकणातल्या पावसात रस्त्याचे नेमके हेच दोन आजार असतात. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. ज्या पिशवीतून बाजार आणला तिच्यावरूनच पुढच्या बाजाराला जाता येते, फक्त ठेकेदाराला आणि खड्ड्याला हे दोघांनाही सांगून ठेवावे लागते.

शेजारच्या गोव्यात साळगावला २०१६ मध्ये मोठा यांत्रिक प्रकल्प उभा राहिला. त्याला पैसा आणि यंत्रे हवीत. वेंगुर्ल्याची जात निराळी. तिचे खरे नाते जपानातल्या कामिकात्सू गावाशी लागते. शिकोकू बेटावरचे हे दीड हजाराच्या आसपास वस्तीचे डोंगराळ गाव. २००३ मध्ये त्याने शून्य कचऱ्याचा संकल्प जाहीर केला, आणि तिथे कचऱ्याचे चाळीसहून अधिक प्रकार करतात. घंटागाडी नाही. रहिवासी स्वतः माल धुऊन, वाळवून केंद्रावर आणून देतात, आणि एकाला नकोशी वस्तू दुसऱ्याने फुकट न्यावी म्हणून तिथेच दुकान आहे. यातला धुण्या-वाळवण्याचा भाग सिंधुदुर्गात रुजायला वेळ लागेल. फुकट वस्तू नेण्याचा भाग लगेच जमेल, पण आणून कोण ठेवणार, ही अडचण आहे.

उरतात त्या वस्तू ज्या कुठल्याही गाडीत घालू नयेत. जुना काचेच्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही त्यांतला थोरला. ट्यूबच्या काचेत शिसे असते. दुरुस्तीवाला आतले तांबे काढून घेतो आणि उरलेला ऐवज मालकाला मोठ्या मनाने परत करतो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार जुन्या यंत्रांची जबाबदारी उत्पादकाची. पण ज्या कंपन्यांचे शटरवाले टीव्ही माळ्यावर आहेत त्यांतल्या कित्येक टीव्हीआधीच निवृत्त झाल्या. लाकडी खोके रिकामे करून त्यात कोंबडी अंड्यांवर बसवता येते, आणि एकवीस दिवस त्यावर पुन्हा एकच वाहिनी दिसते. ट्यूबलाइटमध्ये थोडा पारा असतो, म्हणून ती फोडू नये. वाडीतली पोरे नेमक्या याच कारणाने ती शोधत असतात. अखंड नळी पुठ्ठ्यात गुंडाळून घातक कचऱ्याच्या वेगळ्या फेरीला किंवा संकलनाच्या ठिकाणी द्यावी. इन्सुलिनच्या सुया बूच लावलेल्या जाड डब्यात, डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून, आणि हे सगळे ओल्या-सुक्यापासून दूर.

औषधांची गोष्ट वेगळी, कारण गावात ती मुळी उरतच नाहीत. मुंबईच्या डॉक्टरने गुडघ्यासाठी दिलेल्या गोळ्या काकींना लागू पडल्या की उरलेल्या शेजारणीच्या गुडघ्याला जातात आणि तिच्याकडून नणंदेच्या कमरेला. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये मार्गदर्शन काढले, त्यात फेंटानिल, ट्रामाडॉलसारखी १७ औषधे मुदत संपल्यावर थेट संडासात टाकून पाणी सोडावे असे सांगितले, कारण चुकीच्या हाती पडली तर एकाच मात्रेने जीव जाऊ शकतो. बाकीची मात्र तिथे टाकू नयेत. ती पाण्यात आणि मातीत उतरतात. ती परत घेण्याची व्यवस्था असावी, अशी सूचना आहे, आणि केरळने कोझिकोडपासून तशी सुरुवातही केली. तोवर मुदत संपलेल्या गोळ्या निदान शेजारणीला देऊ नयेत, एवढे घरातल्या घरात करता येण्यासारखे आहे.

सर्वांत अवघड वस्तू शेवटी, ती म्हणजे देवांच्या जुन्या तसबिरी. काच तडकलेली, चौकटीला वाळवी, आत ओल शिरून लक्ष्मीचा एक हात गेलेला. ही घंटागाडीत घालवत नाही, भंगारवाल्याने वजन केलेले पाहवत नाही आणि घरात भंगलेली ठेवू नये म्हणतात. म्हणून ती रात्री पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवायची रीत पडली. सकाळी तिथे तीन असतात, कारण रीत सर्वांचीच. खाडीत सोडली तर भरतीबरोबर दुसऱ्याच वाडीत लागते आणि तिथले लोक तिला पारावर नेतात. लग्नपत्रिकांचे हेच, प्रत्येकीवर गणपती. नाशिकच्या संपूर्णम सेवा फाउंडेशनने यावर तोडगा काढला: तसबिरी गोळा करायच्या, विधिपूर्वक उत्तरपूजा करून देवाला निरोप द्यायचा, आणि मग उरलेले सामान सामान म्हणून सुटे करायचे. हे गावातही करता येते, आणि उत्तरपूजा कोकणाला नवी नाही. दरवर्षी गणपतीची होतेच. त्यानंतर चौकटीचे लाकूड रंग नसला तर न्हाणीच्या चुलीत, काच काचेत, खिळे आणि पत्रा काट्यावर, कागद भिजवून लगदा करून माडाच्या आळ्यात. पंचाईत होते ती लॅमिनेशन केलेल्या फोटोची. तो भिजत नाही, जाळू नये, आणि कागदात घालावा की प्लास्टिकमध्ये हे ठरवण्याआधी त्याचे वरचे पापुद्रे सोलून काढावे लागतात. उत्तरपूजा झाली असली तरी देवाला सोलायला घरातले कोणी तयार होत नाही. ते काम जावई येईपर्यंत ठेवतात.